दुसऱ्या मजल्यावरचं शेततळं

माझ्या व्याह्यांचं शेततळं मी सरकारी नकाशात आमच्या उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या फ्लॅटच्या गॅलरीत नेऊन ठेवलं. दुसरा मजला, पश्चिमेकडची गॅलरी, एका बाजूला कपडे वाळत घालायची दोरी आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला कूलर, या दोहोंच्या बरोबर मधे. हे मी मुद्दाम केलं नाही. मुद्दाम काही करण्याइतकी हुशारी माझ्यात असती तर बँकेतून निदान शाखाधिकारी होऊन तरी निवृत्त झालो असतो. पण झालं खरं. आणि झालं तेही अशा माणसाच्या बाबतीत, की त्याच्याइतका कमी वेळ खुर्चीत बसलेला माणूस, मी छातीवर हात ठेवून सांगतो, अख्ख्या माळव्यात दुसरा सापडायचा नाही.

व्याही म्हणजे आमच्या लेकीचे सासरे. वय सत्तरीपार, अंगानं काटकुळे. दोन्ही गुडघे डॉक्टरांनी केव्हाच निकालात काढलेत, पण ती बातमी अजून पायांपर्यंत पोचलेली नाही. चहा ते उभ्यानं पितात. जेवताना दोनदा उठतात, एकदा मीठ आणायला आणि एकदा तेच मीठ परत ठेवायला. उभी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. तिथली त्यांची खुर्ची इतकी कोरी राहिली की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी ती स्वतःसाठी उचलून नेली, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. त्यांच्याबरोबर बसनं जायचं तर अंगात बळ पाहिजे. देवास गेटला बसमध्ये चढायचं, आणि बस सुटायला पाच मिनिटं उशीर झाला की हे खाली उतरून पुढच्या स्टॉपकडे चालायला लागणार. "समधीजी, बस पीछे से येईलच, आपण तोवर आगे निघू." एकदा मी असा त्यांच्यामागे घामाघूम होत अर्धं शहर चाललो. बस मागून आली, आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेली, आणि त्यांना त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. "गेली तर गेली. उभी तर नाही राहिली!" म्हणाले.

त्यांची मराठी अशीच आहे, व्याह्यालाही ते समधीच म्हणतात. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारी कारकून म्हणून इकडे आले, तेव्हापासून इतक्या पिढ्या उज्जैनच्या पाण्यावर वाढल्या की एका वाक्यात दोन भाषा सुखानं नांदतात. मी सोलापूरकडून नोकरीपायी आलेला. सुरुवातीला मी त्यांची वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करायचो. आता मीच बायकोला "सब्जी अच्छी झालीय" म्हणतो.

तर स्वतः एका जागी न थांबणाऱ्या या माणसाचं आयुष्यभराचं मागणं एकच: पाण्यानं थांबावं. वाहतं पाणी दिसलं की त्यांचा जीव वरखाली होतो. ते आमची मुलगी बघायला आले तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, मुलीनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि तेवढ्यात या गृहस्थांनी हातातला ग्लास तिरपा करून पाणी आमच्या हॉलच्या फरशीवर ओतलं. चुकून नव्हे, चांगलं बारीक धार धरून. बायकोचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, यांच्याकडे नकार देण्याची ही पद्धत असावी. व्याही मात्र गुडघ्यांवर हात टेकून वाकले, पाणी कुठे जातंय ते सोफ्याखालपर्यंत पाहून आले आणि समाधानानं म्हणाले, "ढाल बाहेर की तरफ आहे तुमची." ढाल म्हणजे उतार. "घरातलं पाणी घराबाहेर चाललंय. बाकी मुलगी आम्हाला पसंत आहे." लग्नात मंगलाष्टकांच्या ऐन वेळी वरपिता गायब. शोधाशोध झाली. कार्यालयाच्या मागे जिथे भांडी घासत होते तिथे हे डोक्यावर साफा, गळ्यात हार अशा थाटात काठीनं चर ओढत होते. खरकटं पाणी नालीत चाललं होतं ते त्यांना कडुनिंबाच्या बुंध्याशी न्यायचं होतं. विहीणबाईंनी त्यांना काठीसकट मांडवात आणलं. अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात काठी होती, आल्बममध्ये आहे.

याला कारण त्यांचं शेत. तराण्याच्या रस्त्याला, बसनं पाऊण तासावर, नाल्याकडे कललेलं सात-आठ बिघ्यांचं एक शेत. काळी माती, खरिपात सोयाबीन, थंडीत गहू नाहीतर हरभरा. पाऊस आला की पाणी वरच्या बांधाकडून सुटतं आणि जाताना मूठ मूठ माती घेऊन नाल्यात उतरतं. रेल्वेत असताना प्रत्येक सुट्टीत हे तिथे जाऊन उभे राहायचे आणि माती जाताना बघायचे. एकदा मी विचारलं, इतकं काय बघता? तर म्हणाले, "समधीजी, ही नाल्यातून क्षिप्रेत जाते, क्षिप्रेतून चंबळ, चंबळमधून जमुना. आमचं शेत दरवर्षी थोडंथोडं प्रयागला जातं. आम्हीच फक्त इथे राहिलो."

उपाय त्यांना ठाऊक होता. शेताच्या खालच्या कोपऱ्यात तळं खणायचं, म्हणजे पाणीही अडेल आणि मातीही तिथेच राहील. सरकारची त्यासाठी योजना होती, खोदाईला अनुदान मिळत होतं. व्याह्यांनी पहिल्या वर्षी अर्ज केला तेव्हा कागद एक कमी पडला. दुसऱ्या वर्षी कागद पुरे होते, पण अर्ज फार आले म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, त्यात यांचं नाव निघालं नाही. तिसऱ्या वर्षी निघालं. ते पत्र त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि भेटेल त्याला दाखवू लागले. नानाखेड्याच्या बसस्टँडवर उसाच्या रसवाल्यालासुद्धा दाखवलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी धरून वाचल्यावर त्याची गाडी ज्या उतारावर उभी होती तो उतार त्याला समजावून सांगितला.

घाईचं कारण वेगळंच होतं. मुलगा, म्हणजे आमचे जावई, हैदराबादेत. बापाचे गुडघे बघून त्यांनी ठरवलं होतं की यंदाच्या दसऱ्यानंतर शेत मुनाफ्यावर द्यायचं, म्हणजे वर्षाच्या करारानं दुसऱ्याला कसायला. घेणारा तयार होता. पण त्याची अट अशी की जमीन सलग पाहिजे, आता नवा खड्डा वगैरे करायचा नाही. आधीपासून तळं असेल तर ते त्याला चालणार होतं. म्हणजे तळं या उन्हाळ्यात झालं तर झालं, नाहीतर कधीच नाही. हे व्याह्यांनी मला एकदाच सांगितलं, चालता चालता, मागे न बघता.

अशा नाजूक कामात मी शिरलो. कोणी बोलावलं नव्हतं. खोदाईआधीचा कोऱ्या जमिनीचा फोटो आणि जागेचं ठिकाण मोबाइलवरून पाठवायचं होतं; व्याह्यांचा फोन बटणांचा. मी म्हणालो, "अहो व्याही, आमच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा त्याला पहिला हात कोणी लावला असेल?" तो मीच लावला होता. त्यानंतर तो तीन दिवस बंद होता, हे सांगायचं राहिलं. शेतावर गेलो, चुन्यानं आखलेल्या कोपऱ्याचा फोटो झकास काढला. नेटवर्क येईना. म्हटलं, त्यात काय, घरी जाऊन पाठवू. संध्याकाळी गॅलरीत चहा घेत बसलो, फोटो चढवला, खाली एक बटण होतं, 'लोकेशन घ्या'. मी घेतलं. फोननं इमानदारीनं मी जिथे बसलो होतो तिथलंच घेतलं. 'जमा झाले' असं हिरव्या अक्षरांत आलं, आणि मी बायकोला म्हणालो, "बघ, आजकाल सरकारी कामं किती सोपी झालीत!"

दहाएक दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात कृषी खात्याच्या एक तरुण मॅडम. खांद्याला बॅग, हातात फोन, दोन जिने चढून लाल झालेला चेहरा. त्यांनी फोनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दोन पावलं डावीकडे सरकल्या, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"यहाँ तालाब कहाँ है?"

दार आमच्या हिनं उघडलं होतं. ती म्हणाली, "तालाब? मॅडम, सुबह से नल में पानी नहीं है, और आप तालाब पूछ रही हैं?"

मी आतून ऐकलं आणि मला सगळं एका क्षणात समजलं. असं एका क्षणात समजण्याची वेळ आयुष्यात फार थोड्या वेळा येते, आणि माझ्यावर ती नेहमी उशिराच आली आहे. मॅडमना पाणी दिलं, बसवलं, चूक सांगितली. त्यांनी गॅलरी बघायचा आग्रह धरला. नोंद तपासणं त्यांचं कामच होतं. कूलरशेजारी उभ्या राहून त्यांनी फोनमधला ठिपका आणि पायाखालची फरशी ताडून पाहिली. मग म्हणाल्या की ठिकाण दुरुस्त होईल, पण त्यासाठी त्यांना स्वतः शेतावर जाऊन जागा बघावी लागेल. येत्या गुरुवारी. आणि तोवर जमीन जशी आहे तशीच पाहिजे. "एक कुदाली भी चली दिखी, तो काम पहले से चालू माना जाएगा। फिर फाइल बंद, मैं भी कुछ नहीं कर पाऊँगी।"

गुरुवार सहा दिवसांवर होता. आणि मधे सोमवारी अक्षय्य तृतीया.

इकडे आखातीज म्हणतात तिला, आणि व्याह्यांच्या घराण्यात जमिनीत जे काही खणायचं, विहीर असो की पाया, त्याची पहिली कुदळ आखातीजेलाच पडते. तशी त्यांनी तयारीही केली होती. गावात नारळ पोचला होता, चारजणांना सांगून झालं होतं. मी जाऊन माझा पराक्रम कबूल केला. व्याही उभेच होते. ऐकून खोलीत तीन येरझाऱ्या घातल्या, खिशावरून हात फिरवला आणि म्हणाले, "गुरुवार. ठीक आहे." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती. शिव्या विहीणबाईंनी त्यांच्या पद्धतीनं दिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "व्याही, घोळ तुमचा आहे, आता निस्तरा तुम्हीच. हे सहा दिवस यांना शेतावर जाऊ द्यायचं नाही. यांच्या हातात कुदळ दिसली तर मी तुम्हाला विचारीन."

न थांबणाऱ्या माणसाला थांबवणं म्हणजे काय ते मला त्या सहा दिवसांत कळलं. शुक्रवारी, त्याच संध्याकाळी, मी त्यांना पत्ते खेळायला बसवलं. ते उभ्यानं खेळले आणि जिंकले. शनिवारी फ्रीगंजमधून फिरवलं. तिथल्या नाल्यांचे उतार बघत त्यांनी दुकानदारांना इतका उपदेश केला की दोघांनी मला ओळख दाखवणं सोडलं. रविवारी मी त्यांच्यासाठी सिनेमाची तिकिटं काढली. मध्यंतरापर्यंत ते पडद्याशेजारच्या दारात उभे होते, लोकांना वाटलं थिएटरचेच आहेत, चारजणांनी त्यांना बाथरूम कुठे म्हणून विचारलं आणि त्यांनी सगळ्यांना बरोबर सांगितलं. पण या सगळ्यात त्यांच्या हालचालीत काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी ते कुठेतरी निघालेले असायचे. आता ते नुसते फिरत होते. रविवारी घरी सोडताना मला म्हणाले, "समधीजी, मॅडम गुरुवारी येतीलच ना पक्कं?" इतकं लहान तोंड करून त्यांना काही विचारताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी विहीणबाईंचा फोन. "गेले."

मी अंघोळ न करता धावलो. देवास गेटवर बस मिळाली, आणि ती सुटेना तेव्हा, काय सांगू, मीच खाली उतरून पुढे चालायला लागलो. शेवटी एका दुधाच्या गाडीवरून शेतावर पोचलो. लांबून पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात चार माणसं, नारळ, उदबत्तीचा धूर, आणि मधोमध व्याही, हातात कुदळ. कुदळ वर उचललेली. मी ओरडलो, "थांबा! व्याही, थांबा!" आणि ढेकळांतून पळत सुटलो. वैशाखात माळव्याच्या काळ्या जमिनीला हात हात रुंदीच्या भेगा पडतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. व्याह्यांपर्यंत पोचलो, त्यांच्या हातातून कुदळ हिसकावली, विजयानं मागे वळलो, आणि माझा पाय एका भेगेत गेला. मी पडलो. कुदळ माझ्या पुढे पडली, चांगली पात्यावर, चुन्याच्या रेघेच्या आत, वीतभर खोल.

जवळ उभा असलेला शेजारचा पटेल गंभीरपणे म्हणाला, "मुहूर्त तो हो गया."

व्याही गुडघ्यांवर बसले. मला उठवायला नव्हे. त्यांनी कुदळ हळूच काढली, आणि ती चीर दोन्ही तळहातांनी थापटून बुजवू लागले, सुकलेली ढेकळं चुरून वर पसरू लागले, मूल झोपवताना थोपटतात तसं. ते असे जमिनीवर बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. काम करता करता माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मारणार नव्हतो. हळदकुंकू लावून, दाखवून, घरी वापस नेणार होतो कुदळ. मला समजत नाही का?" मी शर्टाची माती झटकायला लागलो तर तेवढ्यातही म्हणाले, "इथेच झटका. शेताची आहे."

गुरुवारपर्यंतचे तीन दिवस मला अन्न गोड लागलं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मॅडम आल्या. फोन समोर धरून कोपऱ्यात फिरल्या, चारी खुंट पाहिले, आणि नेमक्या त्या जागेवर थांबल्या. बुजवलेली चीर दिसत होती. काळी माती एकदा उकरली की तिचा रंग बदलतो.

"ये क्या है? खुदाई हुई है यहाँ?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. व्याह्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. आयुष्यात खोटं बोलले नव्हते आणि त्या दिवशीही बोलले नाहीत. "नहीं मॅडम. यहाँ हमारे समधीजी गिरे थे. हाथ में कुदाली थी."

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या, "वही फ्रीगंज वाले?" आणि पुढे एक शब्दही न विचारता फोनवर बोट ठेवलं. कुठल्याही कागदपत्रापेक्षा माझी कीर्ती त्या दिवशी जास्त कामी आली.

मंजुरी कायम राहिली. पुढच्या आठवड्यात मशीन आलं आणि पावसाच्या आधी तळं खोदून झालं. त्या दिवसांत व्याही मशीनच्या पुढे, मागे, कधी कधी तर सोंडेखाली इतके फिरले की ड्रायव्हरनं शेवटी इंजिन बंद करून हात जोडले.

श्रावणात त्यांनी मला बोलावून घेतलं. पाऊस उघडला होता. तळं निम्म्याहून जास्त भरलेलं, चहाच्या रंगाचं पाणी, आणि वरच्या अंगानं बारीक धार अजून येत होती. येत होती आणि तिथेच राहत होती. पलीकडे नाला वाहत होता, आणि त्यांच्या शेताकडची त्याची बाजू जराशी निवळ वाटत होती, की मलाच तशी वाटली, कोण जाणे. शेत दसऱ्यानंतर दुसऱ्याच्या हाती जायचं ठरलं होतं. हा कोपरा तेवढा त्यांनी करारातून वगळून घेतला होता. "सोयाबीन त्याचं, गहू त्याचा," म्हणाले. "मी फक्त इथे येईन. बसनं येईन, बघेन, जाईन. गुडघे चालतील तोवर." मग बराच वेळ आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. ते किती वेळ एका जागी उभे आहेत हे माझ्या लक्षात आलं आणि मला एकदम भरून आलं. इतके दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून टाकावं म्हणून मी तळ्याच्या मातीच्या पाळीवर चढलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "व्याही, माझ्या मूर्खपणापायी तुमचं हे तळं कायमचं राहून जाणार होतं. मला माफ करा. खरंच, मनापासून…"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या पायांकडे पाहत होते.

"माफी राहू द्या, समधीजी, आधी पाळीवरून उतरा. सगळ्या पावसात नाही गेली तेवढी माती तुम्ही उभे राहून पाण्यात पाडली."